मागच्या बाकावरचं पाप

आमच्या घरातलं पाप म्हणजे मी. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मला हे सांगण्यात आलं, आणि पुढे केस पांढरे होईपर्यंत कुणी ते विसरू दिलं नाही. सिकुकूची पहिली बायको रिस्पा, ती धर्मपत्नी. दुसरी मी, दोरिका, ती पाप. सिकुकू स्वतः कोण, हे कुठल्याच पाद्र्याने नीट सांगितलं नाही. प्रभुभोजन त्यालाही मिळत नसे, पण त्याच्याबद्दल लोक म्हणायचे, "बिचारा अडकलाय."

चर्चमध्ये शेवटचा बाक आमचा. दुसऱ्या बायका, तिसऱ्या बायका, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली. प्रभुभोजनाची वेळ झाली की पुढचे सगळे उठून प्रभूची भाकर घ्यायला रांगेत जातात आणि आम्ही मांडीवर हात ठेवून बसतो. चर्च झाडायचं आम्ही, वेदीवरचं कापड धुवायचं आम्ही, पाद्रीबुवा जेवायला आले की कोंबडी कापायची आम्हीच. माझ्या हातची कोंबडी आजवर किती पाद्र्यांना पचली. प्रभूची भाकर माझ्या हातावर ठेवताना मात्र प्रत्येकाच्या पोटात दुखायचं.

मला ती हवी होती. हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. मुलगी असताना आईच्या शेजारी गुडघे टेकून मी ती घेतली होती. आई मरणाला टेकली तेव्हा तिने शेवटची भाकर घेतली आणि मला म्हणाली, "तुला कोण देणार गं?" तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली की मी तशीच जाणार, रिकाम्या हातांनी.

गेल्या वर्षी नवे पाद्री आले, योथाम खिसा. शहरातल्या धर्मविद्यालयाची मोठी पदवी घेऊन आलेले. पहिल्याच उपासनेत त्यांनी काळा झगा उतरवला, आपल्याकडच्या रंगीबेरंगी किटेंगे कापडाचा घातला आणि ढोल चर्चच्या आत आणले. म्हणाले, "गोऱ्या मिशनऱ्यांनी आपल्याला त्यांच्या कपातून पाणी पाजलं. आता आपण आपल्या मडक्यातून पिऊ. येशू हा आपला सगळ्यांत थोरला पूर्वज आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना रिस्पा म्हणाली, "आपला पूर्वज म्हणतोय, तर मग त्याला बायका किती होत्या तेही सांगायचं."

मी तिला गप्प केलं. मला खरोखर आशा वाटली होती. मडकं आपलं झालं म्हणजे पाणी मागच्या बाकापर्यंत येईल, असं मी धरून चालले. पण मडक्यावर झाकण जुन्या साहेबाचंच होतं.

मग बातमी आली की बिशप येणार आणि मंडळीचे नवे वडील, म्हणजे चर्चचे पंच, नेमणार. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, अशी आमच्या म्हाताऱ्याची गत. चर्चला त्याने आपल्या केळीच्या बागेचा कोपरा दिला होता, आणि आता त्याला पुढची, वडिलांसाठी ठेवलेली हातांची खुर्ची हवी होती. दोन बायकांच्या नवऱ्याला खुर्ची मिळत नाही. म्हणून पाद्रीबुवा तोडगा घेऊन घरी आले.

कोंबडीचा पेटा, पोटातला तो चिवट तुकडा, घरातल्या मानकऱ्याचा. तो त्या दिवशी पाद्रीबुवांच्या ताटात गेला, आणि तो चावत चावत ते म्हणाले, "बाबा, सोपं आहे. बिशपसाहेबांसमोर एकीशी चर्चमध्ये लग्न लावायचं. दुसरीला ख्रिस्ती प्रेमाने मोकळी करायची."

"मोकळी म्हणजे जायचं कुठे तिने?" रिस्पाने विचारलं.

"कुठेच नाही. याच अंगणात, आपल्या घरात राहील. फक्त ते नातं ठेवायचं नाही."

"ते नातं यांच्या गुडघ्यांनी केव्हाच सोडलंय, पाद्रीबुवा. त्याला बिशप कशाला लागतो?"

म्हातारा खोकला. पाद्रीबुवांनी मक्याच्या उगाळीचा गोळा रश्शात बुडवला.

"मोकळी झालेली बाई निष्पाप," ते म्हणाले. "त्याच दिवशी तिला प्रभुभोजन. आणि जिला ठेवलं, तिने देवासमोर शपथ घ्यायची. सुखात, दुखण्यात, मरेपर्यंत साथ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता रिस्पामाय पहिली. तेव्हा मोकळी व्हायची ती दोरिकामाय."

सिकुकू काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. तो ताटात बघत होता. या अंगणात मी सहा पोरं वाढवली, सातवं त्या कुंपणाजवळ पुरलं. आणि हा माणूस हाडातला रस चोखत बसला होता. मला त्याचा एवढा राग कधी आला नव्हता.

पाद्रीबुवा गेल्यावर मी चुलीपाशी बसून रडले. रिस्पा भांडी घासत होती. ती माझ्या चुलत्याची मुलगी. थोरल्या बहिणीने धाकटीला मागून आणायचं, अशी आमच्याकडे रीत, आणि मला इथे आणली ती तिनेच.

"रडतेस कशाला?" ती म्हणाली. "तुझी तर सुटका झाली. फासावर मी चढतेय."

"तू बायको राहणार, ताई."

"हो ना. त्यांचं खोकणं, त्यांचा पाय चोळणं, ऊन पाणी दे, गार पाणी दे. एक दिवस तू, एक दिवस मी, असं वाटून घेतलं म्हणून दोघी जिवंत आहोत. तुला मी माहेराहून मागून आणली ती कशाला? अख्खा नवरा पेलवत नव्हता म्हणून. आता म्हातारपणी तो अख्खा पदरात घालतायत, वर मला पांढरा झगा चढवणार."

रडता रडता मला हसू आलं. या बोलण्यामागे तिचं काही ठरलंय, असं मला वाटलं नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं. बिशप खुर्चीत, पाद्रीबुवा नव्या झग्यात, सिकुकू मुलाच्या कोटात. आधी पाद्रीबुवांनी मला पुढे बोलावलं.

"दोरिका, हा पुरुष तुझा नवरा आहे का?"

माझे मुलगे खिडकीजवळ बसले होते. थोरल्याने मान खाली घातली. मी वेदीकडे बघितलं. ताटलीत भाकर झाकून ठेवलेली होती, आणि ते कापड मीच धुतलेलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

ढोल वाजला. बायकांनी आनंदाने किलकारी दिली. मग पांढऱ्या झग्यात रिस्पा आली. झगा तिच्या लेकीचा, पाठीला बसत नव्हता म्हणून पिना लावलेल्या.

"रिस्पा, तू या पुरुषाला..."

"मीही मोकळी," रिस्पा म्हणाली. "जे धाकटीला, ते थोरलीला. आम्ही घरात वेगळं वाढत नाही."

बाजारात सायकल लावावी, पाठ फिरवावी आणि सायकल नाहीशी व्हावी, तसा म्हाताऱ्याचा चेहरा झाला. पाद्रीबुवा बिशपच्या कानाशी लागले. एक बायको ठेवायची कशी याचा नियम होता, एकही उरली नाही तर काय याचा नव्हता. बिशपना अजून दोन गावं गाठायची होती.

"आता या गृहस्थाला बायका किती?" त्यांनी विचारलं.

"आता... एकही नाही, साहेब."

"मग अडचण काय आहे?"

अशा रीतीने दोन्ही बायका समोर बसलेल्या असताना माझा नवरा विधुरात जमा झाला आणि मंडळीचा वडील झाला. पाद्रीबुवांनी त्याचा हात धरून त्याला त्या खुर्चीत बसवलं, कारण तो आपणहून हलत नव्हता.

रिस्पा आणि मी शेजारी शेजारी गुडघे टेकले. बिशपने भाकर माझ्या हातावर ठेवली. पातळ, पांढरी, चव नसलेली. मला हुंदका आला.

"एवढ्यासाठी रडत होतीस होय?" रिस्पा पुटपुटली.

मी मान हलवली. हो, एवढ्यासाठीच. मला आई आठवली आणि फार बरं वाटलं, ते मी लपवणार नाही.

घरी आल्यावर मंडळीचे वडील अंगणात उभे राहिले. कुणाच्या दारात जावं ते त्यांना कळेना.

"माझं जेवण आज कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

"बायको असेल तिला विचारा," रिस्पा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

दिवस माझा होता. मी उगाळी टाकली, त्याला वाढलं, मग तेल कोमट करून त्याचा पाय चोळायला बसले. तो म्हणाला, "सगळ्यांसमोर नाही म्हणालीस तू." मी म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी ताटात बघत होतात."

मी चोळत राहिले. इतकी वर्षं त्या चर्चमध्ये मी पापी म्हणून बसले, पण त्या छपराखाली खोटं एकदाही बोलले नव्हते. त्या रविवारी पहिल्यांदा बोलले, आणि त्याच दिवशी त्यांनी मला पंगतीत घेतलं.