हौद्यातली जागा

लातूरच्या शोरूममध्ये पंचफुला शिरली तेव्हा चकचकीत फरशीवर तिच्या चपलांच्या वाळलेल्या चिखलाचे तुकडे पडत गेले. मागून तिची लेक तनुजा चाकाच्या खुर्चीतून बापाला ढकलत आणत होती. ग्यानोबाचं उजवं अंग अडीच वर्षांपूर्वी लकव्यानं गेलं होतं. तोंडातून एखाददुसरा शब्द यायचा, तोही ओला होऊन.

सत्यम नावाचा विक्रीवाला पोरगा लगबगीनं पुढं आला. "मावशी, टेम्पो मागच्या शेडमध्ये आहेत. या, दाखवतो."

"टेम्पो नगं," पंचफुला म्हणाली. "ती दाखव."

मधोमध उभी होती ती गाडी पुढून सरळ सरळ कार होती. तेच नाक, तेच दिवे, आत मऊ सीट आणि एसी. पण पुढच्या दोन दारांनंतर कार संपत होती आणि तिथून उघडा हौदा सुरू होत होता. तिच्याकडं बघताच ग्यानोबाचा डावा हात वर आला. "आप... आपली," तो म्हणाला आणि हसला. लाळ हनुवटीवर आली ती तनुजानं पुसली.

त्याचंही खरं होतं. एके काळी कंधारच्या बाजारात अशी एकच गाडी होती आणि ती ग्यानोबाची होती. उदगीरहून मागची बॉडी कापून आणलेली पांढरी अँबेसिडर. पुढं छोटे टेम्पो निघाले, त्यांत माल जास्त बसायला लागला, आणि असल्या अर्ध्या कारला कुणी विचारीना. ग्यानोबाची गाडी भंगारात गेली तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. आता इतक्या वर्षांनी एका कंपनीनं पुन्हा तसली गाडी काढली होती.

"खरं सांगू का मावशी," सत्यम जरा हळू आवाजात बोलला, "हिचं काय होईल आमच्या साहेबांनाबी सांगता येईना. लोक एक तर कार घेतात, न्हाईतर टेम्पो. मधलं कुणाला पाहिजे?"

 पंचफुलानं हौद्याचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी हळूच खाली गेली, हळूच वर आली. हौदा गुडघ्याच्या जरा वर होता. तिची कंधारजवळ रोपांची नर्सरी होती, मिरची, टमाटे, झेंडू. टेम्पोत रोपांचे ट्रे असे आदळायचे की गिऱ्हाइकाच्या शेतात पोचेपर्यंत निम्म्या रोपांच्या मुळ्या उघड्या पडायच्या. शिवाय ट्रे उचलून छातीएवढे वर चढवताना बायांचे खांदे भरून यायचे.

"मिरचीचं रोप लेकरावानी असतंय," ती म्हणाली. "त्याला कारच पाहिजे. हीच घेते."

सत्यम खूश झाला. पुढचं दार उघडून त्यानं सीट मागं सरकवून दाखवली. "बाबांना मस्त जागा आहे बघा. पाय लांब करून बसतील."

"ते मागं बसतेल," पंचफुला म्हणाली.

सत्यम हसला. तनुजाही हसली. पंचफुला मात्र गाडीचं बॉनेट उघडायला सांगत होती.

ग्यानोबा पडला त्या दिवसापासून पंचफुलानंच त्याचं सगळं केलं होतं. अंघोळ, हगणंमुतणं, घास बारीक करून भरवणं. वाड्यावस्त्यांवरच्या बाया आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. तिच्या मनात त्याच्याविषयी काही साठून असेल असं कुणाला वाटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते ठाऊक नव्हतं. रोज सकाळी उठायचं आणि समोरचं काम उरकायचं, एवढंच ती जाणत होती. गाडी दारात आली, नारळ फुटला, आणि तिची नजर त्या पुढच्या दोन सीटांवरून मागच्या पत्र्यावर गेली तेव्हा शोरूममध्ये आपल्या तोंडून सहज निघालेलं 'मागं बसतेल' तिला पुन्हा ऐकू आलं.

दर शनिवारी ग्यानोबाला नांदेडला व्यायामाच्या डॉक्टराकडं न्यावं लागे. पहिल्या शनिवारी नर्सरीतल्या आरतीनं त्याला काखेत धरून पुढच्या दाराशी नेलं. तो एका पायावर डुलत, हसत उभा राहिला.

"आरते, फाळका पाड," पंचफुला म्हणाली.

"मावशी?"

"मागचा फाळका पाड. खुर्ची ठिवलीय बघ."

हौद्यात प्लॅस्टिकची खुर्ची केबिनच्या पाठीला टेकवून दोरीनं आवळलेली होती. दोघींनी मिळून ग्यानोबाला चढवलं. पंचफुलानं त्याच्या छातीभोवतीनं पट्टा घेतला, कचकन ओढून बांधला, त्याच्या डोक्यावर टोपी घातली आणि भोवती मिरचीचे ट्रे रचले. मग आरतीला म्हणाली, "तू पुढं बस. लोह्याला ट्रे उतराया लागतेल."

आरती बसली, पण काट्यावर बसल्यासारखी.

चौकातल्या चहाच्या टपरीवरची माणसं बघतच राहिली. एक म्हातारा उठून आला आणि त्यानं दाराच्या काचेवर हात ठेवला. "वैनी, ग्यानूला मागं काहून बसिवलंय? पडंल की."

"बांधलंय," पंचफुला म्हणाली. "मामा, चवदा वर्सं मला मागं बसलेली बघत व्हतात की तुमी. हितंच चहा पीत. तवा एकदाबी इचारलं न्हाई."

म्हाताऱ्यानं हात काढून घेतला.

वाटेत ग्यानोबा डाव्या हातानं मागच्या काचेवर थापा मारत राहिला. "पुढं," तो ओरडत होता. "फुला, पुढं." पंचफुलानं आतला आरसा वर फिरवला आणि एसी एक घर वाढवला.

असे पाच शनिवार गेले. पहिल्या दोन खेपांना तो ओरडला. तिसऱ्या वेळी फाळका पडला की रडायला लागला. चौथ्या वेळी आरतीनं सांगितलं की ती आता नर्सरीतच थांबेल, ट्रे उतरवायला दुसऱ्या कुणाला न्या. पंचफुलानं कुणालाच नेलं नाही. तिच्या शेजारची सीट रिकामी राहिली आणि ग्यानोबा मागं बसून येत-जात राहिला. घरी आल्यावर ती त्याला गार पाण्यानं पुसून काढी, वेळच्या वेळी गोळ्या देई, ताकात भाकरी कुस्करून भरवी. त्यात तिनं काडीची कसूर केली नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी डॉक्टराकडं गर्दी होती. निघायला साडेबारा झाले. हौदा रिकामा होता आणि पत्रा तव्यासारखा तापला होता. लोहा मागं टाकून कंधारच्या रस्त्याला लागल्यावर एका ओढ्याच्या पुलापाशी पंचफुलानं गाडी कडेला घेतली. सावली सोडून, उन्हातच. खाली उतरून ती हौद्याशी आली. ग्यानोबाची मान छातीवर पडली होती. गाडी थांबली म्हणून त्यानं डोळे उघडले.

"ही जागा वळखली का?" तिनं विचारलं.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. पूल, बाभळी, वाळका ओढा.

"नीट बघा. तनू पाच वर्सांची व्हती. सातवा महिना चालू व्हता मला. काय झालं हितं?"

ग्यानोबा विचार करू लागला. त्याचं कपाळ आठ्यांनी भरलं. पंचफुला दोन्ही हात फाळक्यावर ठेवून थांबली. फाळका भाजत होता तरी तिनं हात काढले नाहीत. सव्वीस वर्षं ती या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबली होती असं तिला त्या घडीला वाटलं. तो नाकारेल, नाहीतर मान खाली घालेल. दोन्हीला ती तयार होती.

ग्यानोबाचा चेहरा उजळला. त्याला आठवलं होतं.

"पंचर," तो म्हणाला.

पंचफुला त्याच्याकडं बघत राहिली. पंक्चर झालं होतं, हे खरंच होतं. मागचं डावं चाक.

मग ती बोलायला लागली. इतकी वर्षं जे कुणाला, आईलासुद्धा, सांगितलं नव्हतं ते तिनं भर उन्हात, बांधून घातलेल्या माणसाला सांगितलं. त्या दिवशी हौद्यात वांग्याची पोती होती आणि ती पोत्यांवर बसली होती. पुढं तुमी, तुमचा दोस्त व्यंकटी, आणि त्याच्या मांडीवर तनू. रस्ता मुरमाचा. मला कळा याया लागल्या. म्या काचेवर थापा मारल्या. व्यंकटीनं वळून बघितलं, तुमाला काय की बोलला, तुमी दोघं हसलात. टेप चालू व्हता. मग हितं चाक बसलं. तुमी खाली उतरलात. म्या म्हनले, आधी दवाखान्यात न्या, माझं रगत चाललंय. तुमी म्हनलात, बाजार उठंल. चाक बदललं. बाजारात गेलो. चवदा पोती उतरवली, तवर मी हौद्यातच. मग दवाखाना. पोरगा व्हता. डॉक्टरीण म्हनली, अर्धा घंटा आधी आणाया पाहिजे व्हतं.

"तुमाला पंचर ध्यानात हाय," ती म्हणाली.

ग्यानोबा रडत होता. तोंड वाकडं करून, खांदे हलवून, लेकरासारखा. नाकातलं पाणी ओठावर उतरलं. पंचफुला जवळून त्याचे डोळे निरखत राहिली. पण नांदेडच्या डॉक्टरानं मागंच सांगून ठेवलं होतं, लकव्यातला माणूस उगीचच रडतो, उगीचच हसतो, त्याचा काही अर्थ लावू नका. त्यातलं कुठलं रडणं आहे हे तिला कळेना. आता कधी कळणारही नव्हतं.

ती पुढं जाऊन बसली आणि गाडी चालू केली.

त्या संध्याकाळी तनुजा लातूरहून आली. बापाचं धोतर बदलताना तिला त्याच्या उजव्या मांडीवर आणि दंडावर फोड दिसले. तापलेल्या कडेला अंग टेकत आलं होतं. तिनं आरतीला फोन केला, आरतीनं रडत रडत सगळं सांगितलं. तनुजा अंगणात आली. पंचफुला नळीनं गाडी धूत होती.

"आई, हे तू केलंस?"

"हाव."

"जनावरालासुद्धा कुणी असं नेत नाही!"

पंचफुलानं नळी बंद केली आणि लेकीलाही ओढ्याची गोष्ट सांगितली. मोजक्या शब्दांत सांगितली, कारण दुपारी सगळं सांगून झालं होतं. तनुजा पायरीवर बसली. 

"मी काचेतून बघितलं होतं तुला," ती शेवटी म्हणाली. "व्यंकटीकाकानं बिस्किटं दिली होती. मला वाटलं तू झोपलीस."

"झोपले न्हवते."

"मला कधीच का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? पाच वर्सांची व्हतीस तू."

"मोठी झाल्यावर?"

पंचफुलानं नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली. तनुजा उठली. तिचा आवाज रडका होता पण शब्द पक्के होते. "तुझं खरं आहे आई. सगळं खरं आहे. तरी मी त्यांना इथं ठेवणार नाही."

"ने," पंचफुला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजानं बापाला आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि लातूरला नेलं. पंचफुलानं गोळ्यांची पिशवी, चड्ड्या, सपाट ताटली असं सगळं बांधून दिलं. कुठली गोळी कधी, ते कागदावर लिहून दिलं.

चोवीस दिवसांनी तनुजा त्याला परत घेऊन आली. तिची सासू वासानं जेवत नव्हती, नवरा आठ दिवस गच्चीवर झोपत होता, आणि स्वतः तनुजा रजा संपून कामावर गेली त्या दिवशी ग्यानोबा संध्याकाळपर्यंत घाणीत पडून राहिला होता. हे सांगताना तनुजा आईच्या तोंडाकडं बघत नव्हती.

"आई, तू परत तसं..."

"न्हाई करणार," पंचफुला म्हणाली. "त्याला गाडीतच बसिवणार न्हाई आता."

तिनं शब्द पाळला. नांदेडचा व्यायाम बंद झाला. बोटं वळून तळहातात रुतायला लागली, पाय आखडला. ओसरीत त्याची बाज टाकलेली होती, तोंड भिंतीकडं. खाणंपिणं, गोळ्या, अंग पुसणं, सगळं पहिल्यासारखं वेळेवर होई. गावात पुन्हा कौतुकानं तिचं नाव निघू लागलं. त्या पावसाळ्यात पेठवडजच्या एका फुलवाल्यानं आणि लोह्याच्या दूधवाल्यानं तिची गाडी बघून तशीच गाडी घेतली. सत्यमनं फोन करून सांगितलं, मावशी, चालली बघा तुमची गाडी, आमचे साहेबबी चकित झाले.

रोज सकाळी सातला ती ट्रे भरी, ओल्या जाळीनं झाकी आणि गाडी चालू करी. तो आवाज आला की ओसरीतला ग्यानोबा मान वळवायचा प्रयत्न करी. मान वळत नसे. मग तो तोंडानंच इंजिनासारखा घरघर आवाज काढत राही, जोरजोरात, दम लागेपर्यंत. पंचफुलाला तो काच वर करेपर्यंत ऐकू येई.

ती आधी काच वर करी आणि मग गिअर टाकी.