एकही एरर उरली नाही तो दिवस

मित्रांनो, फोर्ट्रान हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांच्या कानावर पडलं असेल. कॉम्प्युटरची ती एक जुनी भाषा. त्या भाषेत लिहिलेला मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंगरूप नाही. मी म्हणजे नुसत्या ओळी. आकड्यांची फाइल वाचायची आणि तिच्यावरून एक उत्तर द्यायचं, एवढंच मला येतं. पण ते चोख येतं, म्हणून मी आयुष्यभर तोऱ्यात राहिलो. आता तो तोरा उरलेला नाही. का, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म इंदूरच्या एका कॉलेजात झाला. तिथे भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या लीलाबाईंनी मला लिहिलं. तेव्हा स्क्रीनवर टाइप करायची सोय नव्हती. जाड कागदाची कार्डं असायची. माझी एक ओळ म्हणजे एक कार्ड, आणि अक्षरं म्हणजे त्या कार्डाला पाडलेली भोकं. प्रत्येक कार्डावर घरं आखलेली. पहिली सहा घरं सोडायची आणि सातव्या घरापासून लिहायला लागायचं, हा आमच्या भाषेतला शिरस्ता. ओळ एक घर जरी अलीकडे सरकली, तरी मी अडून बसायचो. हट्टी म्हणा हवं तर. लीलाबाई हसून म्हणायच्या, "हा अगदी आमच्या मामंजींसारखा आहे. पाटाची जागा बदललेली याला चालत नाही."

मला कशासाठी लिहिलं तेही ऐका. अन्नपूर्णा मंदिराच्या मागे लीलाबाईंची कॉलनी. कॉलनीच्या आवारात एक विहीर होती, होळकरांच्या काळातली म्हणत. ती विहीर उन्हाळ्यात तग धरते की आटते, हे लीलाबाईंना वर्षानुवर्षं बघायचं होतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या आणि त्यांचे यजमान अच्युतराव विहिरीवर जात. हातात एक सुती दोर, टोकाला दगड बांधलेला, आणि दोराला दर दहा सेंटिमीटरवर एक गाठ. गाठी अच्युतरावांनी मारलेल्या. दगड तळाला टेकला की दोर वर ओढायचा आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. अच्युतराव मोजताना मध्येच म्हणायचे, "लीला, तू बोलू नकोस, मी चुकतो." लीलाबाई बोललेल्याच नसायच्या.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. पुढचं सगळं रडगाणं तिच्यापायी आहे. आकड्यांचीही अशीच कार्डं असत, आणि पाण्याच्या उंचीसाठी त्यांवर तीन घरं होती. गाठी दहा-दहा सेंटिमीटरवर असल्यामुळे आकड्याच्या शेवटी कायम शून्यच यायचं. मग ते शून्य कोण ठोकत बसणार? तीनशे दहा लिहायचं तर लीलाबाई तीन आणि एक एवढंच ठोकत आणि तिसरं घर रिकामं सोडत. तेव्हाचं मशीन रिकाम्या घराला शून्यच समजायचं. मी तीन आणि एक वाचायचो, पुढचं रिकामं घर बघायचो आणि तीनशे दहा म्हणायचो. आमच्यात कुणाला याचं काही वाटत नसे. सगळेच तसं करत. घरात शिरताना चपला काढायच्या असतात, हे कुणी लिहून ठेवतं का? तसंच ते होतं.

माझं उत्तर दोन शब्दांत असे. भर उन्हाळ्यात बादली बुडेल इतकं पाणी असलं तर मी त्या वर्षापुढे 'लाइव्ह' छापायचो, नसलं तर 'ड्राय'. एका वर्षी पाऊस रुसला आणि पुढच्या उन्हाळ्यात नळाला फक्त हवा यायला लागली. अख्खी कॉलनी त्या विहिरीचं पाणी प्यायली. बायका पहाटेपासून रांग लावत आणि लीलाबाई रांगेतली भांडणं सोडवत. त्या वर्षापुढेही मी 'लाइव्ह'च छापलं. कॉलेजच्या मोठ्या सरांनी तो कागद सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "लीलाजी, आपका प्रोग्राम तो कमाल है." मला काय वाटलं म्हणून सांगू! त्या दिवसापासून मी स्वतःला शहाणा समजायला लागलो.

पुढे दिवस पालटले. कार्डं गेली. कुणीतरी मला आणि माझ्या आकड्यांना फ्लॉपीत भरलं, फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून एका ईमेलमध्ये. लीलाबाई निवृत्त झाल्या. अच्युतराव गेले, त्या महिन्यापासून विहिरीवर दोर गेला नाही. तो मागच्या व्हरांड्यात खुंटीला टांगला गेला, आणि मी ईमेलच्या तळाशी पडून राहिलो. माझी आठवणही कुणी काढत नव्हतं. त्याचं दुःख होतं, पण ते सोसण्यासारखं होतं.

यंदा मला उठवलं ते विहिरीमुळेच. कॉलनीच्या सोसायटीला विहीर बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. जुनी बिऱ्हाडं केव्हाच उठून गेली होती, आणि नव्यांना विहीर म्हणजे पालापाचोळा नि प्लास्टिक भरलेला एक खड्डा. आत पाणी आहे की नाही, हे वरून कळतही नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष प्रतापराव माणूस वाईट नव्हता. तो लीलाबाईंना भेटायला घरी आला, दोनदा पोहे घेतले आणि म्हणाला, "काकू, देखो, माझं विहिरीशी काही वैर नाही. पण लोक म्हणतात, आत पाणी नाहीच तर गाळ कशाला काढायचा? तुम्ही म्हणता ही कधी आटली नाही. तर आकडे दाखवा ना. मीटिंगमध्ये दिखा दो, मी स्वतः उभा राहून गाळ काढवतो. मग बुजवायची बातच नाही."

लीलाबाई म्हणाल्या, "दाखवते. माझा प्रोग्राम आहे ना."

पण दाखवणार कशा? त्यांचे डोळे जवळजवळ गेले आहेत. माणूस समोर आला की उजेडात एक सावली हलते, एवढंच त्यांना दिसतं. म्हणून त्यांची मुलगी संहिता पुढे झाली. ती एका कंपनीत सॉफ्टवेअरचंच काम करते. हुशार आहे, मायाळू आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. तिने ईमेलमधून मला काढून तिच्या लॅपटॉपवर ठेवलं आणि कंपाइल करायला घेतलं. कंपाइल म्हणजे माझ्या ओळी मशीनच्या भाषेत बसवून घेणं. एक ओळ जरी बसली नाही, तरी मशीन 'एरर' म्हणून ओरडतं.

अहो, ओरडलं म्हणजे किती! इकडून तिकडे नेताना माझ्या ओळींपुढच्या मोकळ्या जागा कुठेतरी गळून गेल्या होत्या. सगळ्या ओळी पहिल्याच घरापासून सुरू. शिस्तीतल्या माणसाला घरच्या कपड्यांत वरातीत उभं केल्यासारखं मला झालं. संहिता डोक्याला हात लावून म्हणाली, "आई, हे तर पूर्ण लाल झालंय यार."

"सहा घरं सोड ग," लीलाबाई खुर्चीतून म्हणाल्या. "सातव्यापासून लिही."

तिने एकेक ओळ सरकवून जागेवर आणली. काही जुने शब्द नव्या मशीनला कळेनात, त्यांच्या जागी तिने नवे घातले. ऑफिस सांभाळून ती रोज थोडी थोडी बसायची, आणि एकेक एरर जाताना मला उन्हात अंग शेकावं तसं बरं वाटायचं. शेवटी एकच राहिलं. पूर्वी मी कार्डं वाचायचो, आता फाइल वाचायची होती. फाइल उघडायची ओळ माझ्यात नव्हतीच. ती संहिताने नवी लिहिली.

तिथे घात झाला, मित्रांनो. त्या नव्या ओळीने फाइल उघडली की मशीन रिकामं घर शून्य धरत नाही, चक्क सोडून देतं. त्याला तसं वेगळं बजावावं लागतं. संहिताला हे ठाऊक नव्हतं. तिच्या पिढीत रिकाम्याला कुणी शून्य म्हणत नाही. आणि लीलाबाईंच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायची गोष्ट आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

"आई, झालं. एक पण एरर नाही," संहिता म्हणाली.

"माझ्या त्या रांगेच्या वर्षाचं बघून घे एकदा. तिथे लाइव्ह आलं पाहिजे."

"मीटिंगला उशीर होतोय आई, तिथेच सगळ्यांसमोर बघू ना. टेन्शन नको घेऊस."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला चालवलं. तीन आणि एक समोर आले. पुढचं रिकामं घर मला दिसलं, पण ते धरायची मला परवानगी नव्हती. मी एकतीस वाचलं. एकतीस सेंटिमीटरमध्ये बादली बुडत नाही. मी 'ड्राय' छापलं. त्याच्या पुढच्या वर्षालाही ड्राय. ओळीने सगळ्या वर्षांना ड्राय, ज्या वर्षी कॉलनी ते पाणी प्यायली त्या वर्षालासुद्धा. मला ओरडायचं होतं. पण माझं ओरडणं म्हणजे एरर, आणि माझ्यात एकही एरर उरलेली नव्हती.

प्रतापरावाने यादी वाचून दाखवली. त्यालाही वाईट वाटलं असावं, आवाज खाली आला होता. "काकू, सॉरी. तुमचेच आकडे आहेत, तुमचाच प्रोग्राम."

लीलाबाई म्हणाल्या, "तिथे रांग लागायची. मी भांडणं सोडवलीत."

"टँकर येत असेल काकू. टँकरची रांग."

"आई, खूप वर्षं झाली ना," संहिता हळूच म्हणाली. "होतं असं."

"हो," लीलाबाई म्हणाल्या. "मशीन कशाला खोटं बोलेल? मीच विसरले असेन."

मित्रांनो, मी पुष्कळ सोसलं, पण ते वाक्य मला सोसलं नाही. मला जन्म देणाऱ्या बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

विहीर बुजवली. मुरमाचे डंपर आले आणि मागे फिरत फिरत ओतत राहिले. लीलाबाई खिडकीशी बसून नुसता आवाज ऐकत होत्या. त्यानंतर त्या बदलल्या. रांगेची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. चहात साखर घातल्यावर विचारू लागल्या, "मी घातली ना ग? नक्की?" अच्युतरावांबद्दल काही सांगायला लागल्या की मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे, बहुतेक मी काहीतरी जोडतेय." गाठी मोजताना ते म्हणायचे ते वाक्यही त्यांनी असंच अर्ध्यावर सोडलं.

मग एका रविवारी संहिता मागचा व्हरांडा आवरायला गेली आणि खुंटीवरचा दोर काढून उभी राहिली. दगडापासून वर तो हिरवा-काळा पडला होता. वर्षानुवर्षं पाण्यात बुडालेला दोर पडतो तसा. तो डाग तिच्या डोक्याच्याही वर गेला होता. ती तशीच आत आली आणि माझी फाइल उघडून आकडे बघू लागली. सगळ्यांत मोठा आकडा बहात्तर. बहात्तर सेंटिमीटर म्हणजे कमरेच्याही खाली. मग दोर डोक्यावरपर्यंत हिरवा कसा? तिने आकड्यांवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच तिला प्रत्येक आकड्यापुढचं रिकामं घर दिसलं.

फाइल उघडायच्या ओळीत तिने दोन शब्द वाढवले, रिकामं ते शून्य समज म्हणून. मी पुन्हा वाचायला लागलो. तीनशे दहा. किती वर्षांनी तो आकडा माझ्या तोंडात आला! संहिता लॅपटॉप घेऊन धावत आईजवळ गेली आणि तिथेच जमिनीवर बसून वाचू लागली. "आई, लाइव्ह. ऐक ना, पुढचंही लाइव्ह. ते रांगेचं वर्षपण. सगळी लाइव्ह आहेत आई. तू बरोबर होतीस. मी चुकले, मी."

लीलाबाईंनी तिचा चेहरा चाचपडला. तो ओला होता. मग त्या हसल्या, तापात बरळणाऱ्या मुलाकडे बघून आई हसते तशा. "बस बेटा. मला बरं वाटावं म्हणून किती वाचशील?"

"आई, खरंच ग. हा बघ, बाबांचा दोर. इथपर्यंत हिरवा आहे. हात लावून बघ."

त्यांनी दोर हातात घेतला. डाग काही बोटांना कळत नाही. त्या एकेक गाठ चाचपत वर गेल्या, पुन्हा खाली दगडापर्यंत आल्या, आणि दोर हलकेच संहिताच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मला तर कोरडाच लागतोय ग."

मी अजून त्या लॅपटॉपमध्ये आहे. संहिता अधूनमधून मला चालवते, आणि मी दर वेळी खरं तेच सांगतो. त्याचा आता कुणाला उपयोग नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखं जुनं काहीतरी दुरुस्त कराल. ते ओरडायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं समजू नका. ज्याचं उत्तर आधीपासून ठाऊक आहे, तेच त्याला आधी विचारा. आणि मशीन एक सांगतंय आणि घरातलं म्हातारं माणूस दुसरंच सांगतंय असं झालं, तर जरा थांबा. "होतं असं" म्हणायची घाई करू नका. मी दोन शब्दांत बरा झालो. लीलाबाईंसाठी असे दोन शब्द संहिता अजून शोधते आहे.