टेपखालचं कुंकू

मित्रांनो, मला जुनी म्हणा, खटारा म्हणा, वाटलं तर म्हातारी म्हणा. फक्त अडगळ म्हणू नका. तेवढं मी ऐकून घेणार नाही. मी सायकल आहे, आणि भोपाळपासून जबलपूरपर्यंतचा रस्ता माझ्या चाकांखालून गेलेला आहे. त्याच्या पुढचा का गेला नाही, ते सांगण्यासाठी आज तोंड उघडलं आहे. एरवी मला तोंड नाही, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. पोलादी नळ्या कापल्या, तापवल्या, एकमेकींना जोडल्या, वर गडद निळा रंग चढवला आणि मी तयार झाले. मला गिअर होते, मागे भक्कम कॅरिअर होतं, आणि भोपाळच्या दुकानात काचेआड उभी असताना माझ्या अंगात चांगलाच तोरा होता. शेजारच्या लहान मुलांच्या सायकलींकडे मी ढुंकूनही बघत नसे. तो तोरा उतरवला रमेशरावांनी. त्यांनी मला घेतलं आणि त्याच संध्याकाळी कॅरिअरला पालक, मेथी आणि एक मोठा भोपळा बांधून बिट्टन मार्केटहून घरी आणलं.

रमेशराव पांढरीपांडे म्हणजे सरकारी कचेरीतले साधे अधिकारी. राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील नागपूरहून सरकारी दप्तराबरोबर भोपाळला आले आणि टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. घरात मराठी नागपूरचंच राहिलं. पत्नी मंदाकिनीबाई शाळेत शिकवत, मुलगी जुई तेव्हा दप्तर पाठीला लावून शाळेत जायची. रमेशराव रोज पहाटे मला घेऊन मोठ्या तलावाच्या कडेने फेरी मारत. परत आल्यावर आधी माझी चाकं पुसत आणि मग स्वतःचा घाम. मंदाकिनीबाई म्हणत, सवत आणली असती तरी एवढं कौतुक झालं नसतं. मला ते ऐकायला फार आवडे.

त्यांची एकच मोठी इच्छा होती. भोपाळहून दर हिवाळ्यात सायकलवाल्यांचा एक जथा निघतो आणि मजल दरमजल करत राज्याच्या पूर्व टोकाला, अमरकंटकला जातो. रमेशराव दर वर्षी नाव देत आणि दर वर्षी काहीतरी आडवं येई. कधी कचेरीत रजा मिळत नसे, कधी जुईची परीक्षा असे. मग ते माझ्या सीटवर थोपटून पुढच्या वर्षी नक्की म्हणत. मीही त्यांच्यावर विश्वास ठेवत गेले.

एका वर्षी नवरात्रात श्यामला हिल्सचा उतार उतरताना माझं पुढचं चाक गटाराच्या खचलेल्या झाकणात धाडकन आदळलं. रमेशराव पडता पडता वाचले. त्यांनी उतरून चाक फिरवून पाहिलं, चाक सरळ होतं, आणि ते निश्चिंत झाले. पण मला आत कळलं होतं. हँडलच्या मानेखाली, जिथे खालची दांडी जोडलेली असते, तिथे केसाएवढी चीर पडली होती. रंगाखाली ती दिसत नव्हती.

दोनच दिवसांनी खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, अवजारांची, वाहनांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत असेल. रमेशरावांनी मला धुतलं, झेंडूची माळ घातली, आणि कुंकू नीट धरावं म्हणून खोबरेल तेलात कालवून माझ्या मानेखाली पाच बोटं ओढली. नेमकी त्या चिरेवर. त्यांच्या बोटांचा स्पर्श इतका मायेचा होता की मी कळवळायचंही विसरले.

त्याच हिवाळ्यात रमेशराव गेले. कचेरीत बसल्या बसल्या हृदय थांबलं.

त्यानंतर मला दिवाणखान्यात, त्यांच्या तसबिरीखाली उभं करण्यात आलं. मंदाकिनीबाईंच्या सासूबाईंनी घरात एक रीत घालून दिली होती: नवरा गेलेल्या बाईने हळदकुंकवाला हात लावायचा नाही. मंदाकिनीबाईंना ती पटत नव्हती, पण मोडवतही नव्हती. म्हणून दसऱ्याला जुई मला फूल वाही, आणि त्या लांबून हात जोडत. नवं कुंकू मात्र कोणी लावलं नाही, कारण जुनं रमेशरावांच्या हातचं होतं. मला पुसतानाही तेवढी जागा सोडून पुसत. मित्रांनो, चिरेला गंज चढला. आणि गंजाचा रंग जुन्या कुंकवासारखाच तांबूस असतो, म्हणून कोणाला काही वेगळं दिसलं नाही. घरातला सगळ्यात मानाचा कोपरा मला मिळाला होता, आणि त्या कोपऱ्यात मी आतून खंगत होते.

चार वर्षं अशी गेली. जुई शिकून नोकरीला लागली. एके दिवशी तिने माझ्या टायरमध्ये हवा भरली आणि आईला सांगितलं की यंदा अमरकंटकला बाबांच्या नावावर ती जाणार, आणि बाबांच्याच सायकलवर. मंदाकिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभ्या राहिल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत. जुई रोज सकाळी सराव करू लागली. इतक्या दिवसांनी अंगावर वारा लागला तेव्हा मला आनंदाने रडावंसं वाटलं. आणि पायडलवर जोर पडला की चीर थोडी उसवे, तेव्हा भीतीनेही रडावंसं वाटे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जथ्याचा म्होरक्या हर्षल प्रत्येक सायकल तपासायला आला. इंदूरच्या मराठी घरातला पोरगा, बोलणं निम्मं हिंदीत. त्याचा नियम पक्का होता. रॉकेलच्या फडक्याने सायकल पुसायची, एकेक जोड बॅटरीच्या उजेडात बघायचा, मगच होकार द्यायचा. तो माझे ब्रेक, चेन, चाकं बघत बघत मानेपाशी आला आणि फडकं टेकवणार इतक्यात जुई म्हणाली, "तेवढं राहू दे, हर्षलदादा. बाबांच्या बोटांचं आहे."

हर्षलचा हात जागीच थांबला. रमेशरावांना तो ओळखत होता. त्याने हँडलला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाला, "ठीक आहे यार, त्याला कोण हात लावणार. बाकी एकदम फिट आहे."

मी आतल्या आत ओरडत होते, की पूस, अरे पूस एकदा. पण माझ्याकडे फक्त एक घंटी होती, आणि तीही कोणी वाजवली तरच वाजणारी. उलट जुईने त्या कुंकवावर पारदर्शक टेप चिकटवली, दवाने आणि धुळीने ते जाऊ नये म्हणून. तिच्या मनात प्रेमच होतं. प्रेमापुढे तर कोणाचंच काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पुढे हर्षल, मागे सामानाचा टेम्पो, आणि मध्ये आम्ही तीसेक सायकली. ओबेदुल्लागंज मागे पडलं आणि शहराचा गोंगाट सुटला. वाटेवरच्या लहानशा बरेली गावाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना हरभऱ्याची शेतं होती. शाळेतली पोरं रस्त्याकडेला उभी राहून हात हलवत, चहाच्या टपरीवरचे म्हातारे कुठून आलात, कुठे चाललात विचारत, आणि अमरकंटक ऐकलं की नर्मदामैयाचं नाव घेऊन चहाचे पैसे नाकारत. जुई सगळ्यांना सांगे की ही बाबांची सायकल आहे. लोक माझ्याकडे बघत, टेपखालच्या कुंकवाकडे बघत आणि नमस्कार करत. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो घेताना माझा जीव टांगणीला लागला होता.

चढ लागले तेव्हा मी कुरकुरायला लागले. तेवढंच माझ्या हातात होतं. जुईने जोर लावला की माझ्या मानेतून कर्र असा आवाज येई. हर्षलला वाटलं पायडल कोरडं झालं, त्याने तेल सोडलं. जथ्यातल्या गौरांगला वाटलं सीट ढिली आहे, त्याने ती आवळली. तेल घातल्यावर सपाट रस्ता लागला की आवाज थांबे, आणि त्यांना वाटे दुखणं गेलं. मी कुरकुरत होते आणि ही भली माणसं मला तेल पाजत होती. जुई तर हसून म्हणाली की बाबापण चढावर असेच कुरकुरायचे.

जबलपूरला एका मंगल कार्यालयात मुक्काम होता. दुसऱ्या दिवसापासून डोंगर होते, कुंदमच्या पुढचे लांबलचक उतार होते. त्या उतारांचं वर्णन जो तो रंगवून करत होता आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. भरधाव वेगात माझी मान तुटली तर जुईचं काय होईल, हे मला एकटीला ठाऊक होतं. मित्रांनो, ठाऊक असणं आणि सांगता न येणं यापेक्षा वाईट शिक्षा मला माहीत नाही.

दुपार कलताना मंदाकिनीबाई आल्या. भोपाळच्या राणी कमलापती स्टेशनवरून गाडी पकडून त्या लेकीला बघायला आल्या होत्या. त्या अजून त्याला जुन्या नावाने हबीबगंजच म्हणत. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता. जुई अंघोळीला गेली आणि त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मग पिशवीतून त्यांनी कुंकवाची लहानशी डबी काढली.

मी चमकलेच. इतक्या वर्षांत त्यांनी कुंकवाला हात लावला नव्हता. पण लेक डोंगरात जाणार होती, आणि सासूबाईंची रीत त्यांनी त्या दिवशी भोपाळलाच ठेवून दिली होती. त्यांनी टेपचं एक टोक हळूच उचललं. रमेशरावांच्या बोटांच्या अगदी खाली आपलं एक बोट ओढावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. टेपबरोबर सुकलेल्या कुंकवाचा पोपडा निघून आला. त्यांचं बोट फिरलं आणि मध्येच अडलं. बोटाला चिरेची धार लागली होती.

त्या तशाच बसून राहिल्या. त्यांनी हात काढून घेतला असता आणि टेप परत चिकटवली असती, तर कोणाला काही कळलं नसतं. नवऱ्याच्या हातची शेवटची खूण राहिली असती आणि लेकीचा प्रवासही मोडला नसता. मी काहीच करू शकत नव्हते, साधं कुरकुरूही शकत नव्हते, कारण माझ्यावर कोणी बसलेलं नव्हतं.

मग त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, पाण्यात भिजवलं, आणि डोळे उघडे ठेवून ती पाचही बोटं पुसून काढली.

जुई बाहेर आली तेव्हा आईचा पदर लाल होता आणि माझी मान उघडी. "आई, तू पुसलंस? बाबांचं तेवढंच उरलं होतं ना."

मंदाकिनीबाईंनी तिचा हात धरून चिरेवर ठेवला. "तेवढंच नाही उरलं, जुई. तू उरली आहेस."

हर्षलने बॅटरी लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. दांडी अर्ध्याहून जास्त कापली गेली होती. उद्याच्या उतारावर तिचे दोन तुकडे झाले असते, हे त्याने हळू आवाजात सांगितलं. जादा सायकल नव्हती. टेम्पोत बसून चल, असं तो म्हणाला, पण अमरकंटकला टेम्पोत बसून जायला जुई तयार झाली नाही. सकाळी जथा निघाला. घंट्या वाजवत सगळे वळणाआड गेले आणि ती फाटकाशी उभी राहिली. तिचा इतक्या महिन्यांचा ध्यास माझ्यामुळे मोडला होता. मला तिची माफी मागायची होती.

परतीला मला पार्सलच्या डब्यात टाकलं. त्या दोघी पुढे कुठेतरी बसल्या होत्या. त्या एकमेकींशी बोलल्या की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. पोत्यांमध्ये आडवी पडून मी रस्ताभर तोच विचार करत होते.

भोपाळला हमालाने मला फलाटावर उतरवलं. जुईचे डोळे सुजलेले होते आणि आई दोन पावलं मागे होती. जुईने माझी मान चाचपली, ती धार पुन्हा एकदा अंगठ्याने पाहिली. मग मागे न बघताच म्हणाली, "आई, ती साडी धुऊ नकोस."

मंदाकिनीबाईंनी मान हलवली. साडीवरच्या कुंकवाने कोणाचं हाड मोडत नाही, तेव्हा माझी काही हरकत नव्हती.

वेल्डिंगवाल्याने मला जोडून दिलं, पण डोंगर उतरण्याचे माझे दिवस संपले. पुढच्या हिवाळ्यात जुई नव्या सायकलवर अमरकंटकला जाऊन आली. मी बिट्टन मार्केटची भाजी वाहते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं मुकं काही असेल. ते तुमच्या लाडक्या माणसाचं असेल, म्हणून तुम्ही ते देव्हाऱ्यासारखं जपत असाल. जपा. पण त्याला हात लावायला भिऊ नका. आम्हाला दुखतं कुठे ते सांगता येत नाही, ते तुम्हालाच शोधावं लागतं. आता आमच्या घरी दर रविवारी मायलेकी मला अंगणात उलटी करतात, खसाखसा पुसतात, आणि माझी मान उजेडाकडे वळवून जोड न् जोड बघतात. हात कोणी जोडत नाही. मला हेच जास्त आवडतं.