सत्कारासाठी फोडलेला बांध

बांध मीच फोडला. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

एगेसासाहेबांनी एकतीस वर्षं हा बांध राखून न्झोइया नदीला वेसण घातली होती. त्यांच्या हाताखाली मी मुकादम झालो, नाहीतर या ओसुंद्वाला कोण विचारत होतं? शनिवारी त्यांचा सत्कार ठरला. मांडव घातला तो बांधापलीकडे, नदीच्या अंगाला. का, तर फोटोत नदी दिसली पाहिजे! आणि मोठे पाहुणे बांध चढून जाणार नाहीत, म्हणून आदल्या दिवशी आमच्या भागाचा सरकारी कारभारी, चीफ ओदुंगा माझ्याकडे आला.

"गाडीपुरती वाट पाड."

"चीफ, डोंगरात पाऊस लागलाय."

"अरे, तुझ्याच साहेबांचा सत्कार ना? का तुला नकोय?"

मी दहा माणसं लावली, गाडीची रुंदी मोजली आणि बांध कापला. आठवलं की माझी मलाच किळस येते.

साहेब पायीच आले, इस्त्रीच्या कोटात. पाहुण्यांची गाडी तोवर पलीकडे गेली होती आणि मांडवात कोंबडी आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीवर ताव मारणं चाललं होतं. साहेब त्या खिंडाराशी थांबले. नदीचं पाणी लव्हाळ्यात शिरलं होतं, संध्याकाळी ते इथवर येणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. बांधाच्या आत आमची चारशे घरं.

"कुणी कापला?"

ओदुंगाने मला हसत पुढे ढकललं. "तुमचाच चेला! काय सरळ कापलाय बघा!"

साहेबांनी कोट काढला, फावडं उचललं आणि माती ओढायला लागले. मागून मी, मग माझी दहा माणसं. तिकडे माइकवर साहेबांचं गुणगान चाललंच होतं. ज्याचा सत्कार तो चिखलात, आणि टाळ्या मांडवात!

निम्मं खिंडार बुजलं तेव्हा पाहुणे ढेकर देत आले. "वा! या वयात!" म्हणत त्यांनीही एक फावडं माती टाकली, फोटो काढून घेतला आणि हात रुमालाला पुसले.

"आता गाडीपुरतं मोकळं करा. पुढे कार्यक्रम आहे."

"गाडी राहील," साहेब म्हणाले. "तुम्ही चालत जा."

ओदुंगा माझ्यावर खेकसला, "ओसुंद्वा, उकर!"

मी फावडं भरून माती टाकली. खिंडारात. पाहुणे शिव्या हासडत, बूट हातात धरून बांध चढून गेले.

दिवस मावळताना गाडीची चाकं पाण्यात बुडाली. पाणी बांधाला भिडलं, पण बांधाने दाद दिली नाही. साहेबांनी दहाही जणांशी हात मिळवला. मीही चिखलाचा हात पँटला पुसून पुढे केला.

त्यांनी तो धरला नाही. म्हणाले, "बाकीच्यांना माहीत नव्हतं, ओसुंद्वा. तुला होतं."