मोहाखालची वीस पावलं

मित्रांनो, मी एक जुना टेंभा आहे. लोखंडाची दांडी माझं अंग, रॉकेलात भिजलेल्या चिंध्या माझं डोकं. गिरडच्या लोहारानं मला घडवलं आणि वनमजूर रूपरावांच्या हाती दिलं.

माझं काम आग लावायचं. दचकू नका! माघात, वारा निजलेला असताना, रूपराव भल्या सकाळी टेकडीवर जात. कापून वाळवलेल्या गवताचा एक लांब पट्टा माझ्याकडून हळूहळू जाळत. कडेला ओल्या फांद्या घेऊन माणसं उभी असत. मागे उरे ती काळी वाट, जाळरेषा. उन्हाळ्यात वणवा तिथवर येई आणि खायला काही नाही पाहून विझे. झाडांनी वर्षानुवर्षं खोडात साठवलेला कार्बन मग धूर होऊन आभाळात जात नसे.

गावातल्या मंदाबाईंना मात्र मी डोळ्यांसमोर नको. पट्ट्याच्या टोकाला त्यांची मोहाची पाच झाडं होती, लेकरांसारखी जपलेली.

"भाऊजी, डोंगराले काऊन जाळून राह्यले?"

"वहिनी, थोडंसं जाळतो, सारा डोंगर वाचवाले."

"मंग तुमच्या घरापासून सुरू करा ना!"

सगळे हसले. रूपरावही.

गेल्या माघात शेवटची वीस पावलं उरली असताना रूपराव मला विझवून न्याहारीला बसले, तेव्हा मंदाबाईंनी मला उचललं आणि आपल्या गोठ्यात कडब्याखाली दडवलं. रूपराव शोधत राहिले, तोवर वारा सुटला. तो पुढे पडलाच नाही. वाऱ्यात आग लावायची नसते. मोहांपाशी वीस पावलं गवत तसंच पडून राहिलं.

चैत्रात वणवा आला. सगळीकडे जाळरेषेशी थांबला, त्या वीस पावलांतून आत शिरला. कडब्याखाली मला फक्त मंदाबाईंचं रडणं ऐकू आलं. चार मोह गेले.

यंदा माघात त्यांनीच मला बाहेर काढलं, पदरानं गंज पुसला.

"मीच दडवलं होतं, भाऊजी."

रूपरावांनी माझ्या चिंध्या चाचपून पाहिल्या. मग म्हणाले, "गुंड भरून पाणी आणा, वहिनी. आधी पाणी, मंग आग."

उरलेल्या मोहाखालचा पाला मंदाबाईंनी हातांनी झाडून दूर केला. मग मला पेटवून हाती धरलं. वारा नव्हता; ती वीस पावलं आम्ही हळूहळू काळी केली.

मित्रांनो, तुम्ही मला पेटवू नका. पण मोठी माणसं पेटवतील तेव्हा एवढं विचारा, पाणी भरलंय का? कडेला कोण उभं आहे? आणि काम झालं की मला विझवून, पुसून, सगळ्यांना दिसेल अशा खुंटीवर ठेवा. त्या एकट्या मोहाला पुढच्या माघातही मी लागणार आहे.