त्या एका मताची पेटी

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे हे मला माझ्या घंटेवरून कळते. पूर्वी ती 'टिंग' अशी स्वच्छ वाजे; आता वाजण्याआधी घसा खाकरते. मी एक लाकडी मतपेटी आहे. टॅनर्स गॅप या डोंगरातल्या गावात, सभागृहाच्या माळ्यावर, एका मोडक्या बाकाशेजारी मी पडून असते. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड आत आला की मला गुंगी येते आणि जुनी माणसे एकेक करून दिसू लागतात.

मी मॅपलच्या लाकडाची. ज्या झाडाचा गोड रस आटवून गावातल्या तीन पिढ्यांनी पाक केला, ते झाड वादळात पडले आणि सुताराने त्याच्या फळ्या केल्या. पितळी दांडी, दोन रूळ आणि घंटा शहरातून आणून बसवली. मतपत्रिका फटीत ठेवायची आणि दांडी फिरवायची. कागद रुळांतून आत सरके, त्यावर शिक्का उमटे आणि घंटा वाजे. गिरणीचा मालक असो की त्याचा गडी, प्रत्येकाला एकच टिंग. याचा मला फार अभिमान होता.

आमचे राज्य अमेरिकेतले व्हरमाँट. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी येई आणि आमच्याकडचा निकाल आधीच ठरलेला असे: रिपब्लिकन. डेमोक्रॅट पक्ष देशात तोलामोलाचा, त्यांचाही माणूस कधी कधी राष्ट्राध्यक्ष होई. पण आमच्या राज्यात त्या बिचाऱ्यांना शंभरात वीस-पंचवीस मते पडली तरी गंगेत घोडे न्हाले म्हणायचे. आमच्या गावात तेवढीही नाहीत. सगळ्या गावात मिळून एक. चार वर्षांनी पुन्हा एक.

हे एक मत कोणाचे, ते शेंबडे पोरही सांगे. अल्फोन्स तिबोचे! अल्फोन्स कॅनडातून आलेला, जोडे शिवणारा, बोलण्यात फ्रेंच हेल असलेला माणूस. मतदानाच्या दिवशी तो दारात दिसला की अ‍ॅसा व्हिटकम नावाचा शेतकरी हाळी देई, "दार सताड उघडा रे, विरोधी पक्ष आला! अख्खाच्या अख्खा!" सभागृह हसून लोटपोट होई. अल्फोन्स टोपी काढून ऐटीत वाके. मग त्याला शेगडीजवळची जागा मिळे, ताज्या डोनटमधला पहिला मिळे, पाठीवर थापा मिळत. एरवी त्याला जेवायला बोलावणारे घर गावात नव्हते.

पण मित्रांनो, कागद माझ्या पोटातून जातो. पेन्सिलीची फुली कुठे आहे ते मला कळते. अल्फोन्सची फुली दर खेपेला रिपब्लिकनांच्याच चौकोनात असे.

ते एक मत होते ल्युशियस पेटेंगिलचे. ल्युशियस गावाचा क्लार्क. मतदारांची यादी तो राखी, माझी दांडी तो फिरवी, मते तो मोजी आणि निकालही तोच वाचून दाखवी. उंच, कोरडा माणूस. ना बायको, ना शेत. ते काम हेच त्याचे घर होते. स्वतःचे मत तो सर्वांत शेवटी टाकी. एकदा मला तेल देताना तो पुटपुटला होता, "सगळेच एकीकडे असतील, तर मोजायचं कशाला?" बस, एवढेच. दर मार्चमध्ये भरसभेत गाव आपला क्लार्क निवडी. आपले मत कळले तर हे काम जाईल, या भीतीने चोवीस वर्षे तो गप्प राहिला. गाव अल्फोन्सला हसे तेव्हा तो वहीत डोके खुपसून बसे. मला त्याचा राग येई, आणि त्याच्यावर माझी मायाही होती.

मग एका उन्हाळ्यात, गवताच्या कापणीच्या दिवसांत, अल्फोन्स वारला. निवडणूक आली ती त्याच वर्षी. अ‍ॅसाने गावभर सांगितले की या खेपेला निकाल धुतल्या तांदळासारखा लागणार, विरोधात एकही नाही, वर्तमानपत्रात गावाचे नाव छापून येणार. ल्युशियसपुढे मोठा पेच पडला. नेहमीसारखे मत द्यावे, तर लोक शोध घेणार. सगळ्यांसारखे द्यावे, तर ते एक मत अल्फोन्सबरोबर कायमचे पुरले जाणार. त्या सकाळी त्याने मला दोनदा तेल दिले. टेबलावर थेंब गळू लागले तरी त्याचे लक्ष नव्हते.

सगळ्यांची मते झाल्यावर त्याने आपला कागद फटीत ठेवला. कागद रुळात अडकला, की त्यानेच धरून ठेवला, हे मला आजही सांगता येत नाही. शेवटी टिंग वाजली.

मोजणी झाली. ल्युशियस उभा राहिला आणि त्याने निकाल वाचला. डेमोक्रॅट, एक. अ‍ॅसा म्हणाला, "तिबो तर गेला. मत टाकायला उठून आला की काय?"

कोणी हसले नाही, कारण शेगडीजवळ अल्फोन्सची बायको देलीमा बसली होती. ल्युशियसने वही मिटली.

"ते अल्फोन्सचं नव्हतंच," तो म्हणाला. "कधीच नव्हतं. माझं होतं. माझी टवाळी त्यानं सोसली आणि मी बघत बसलो. चुकलं माझं, मिसेस तिबो."

देलीमा म्हणाली, "मत दुसऱ्या कुणाचं तरी आहे, हे त्याला ठाऊकच होतं की. म्हणायचा, चार वर्षांतून एक दिवस गाव मला शेगडीपाशी बसवतं. तो दिवस कशाला घालवू?"

अ‍ॅसाची मान खाली गेली. मला फार रडू आले, पण पेटीला रडता येत नाही.

मार्चमधली सभा आली. ल्युशियस सभागृहाच्या किल्ल्या रुमालात बांधून, परत करायच्या तयारीनेच आला होता. क्लार्कच्या जागेसाठी त्याचे नाव सुचवले ते अ‍ॅसाने. 'हो' म्हणणाऱ्यांचा आवाज असा उठला की माझी घंटा आपोआप किणकिणली. विरोधात कोणी आहे का, असे रीतीप्रमाणे विचारले गेले. मागून एकच आवाज आला, "मी आहे." ती देलीमा होती. सगळ्या माना वळल्या.

"एक तरी हवा ना," ती म्हणाली. "अल्फोन्सची जागा रिकामी राहायला नको."

ल्युशियस पहिल्यांदाच मोठ्याने हसला. मग त्याने डोळे पुसले, वही उघडली आणि सुबक अक्षरात लिहिले: विरोधात, एक.

आता मते यंत्र गिळते आणि मी माळ्यावर असते. मित्रांनो, कधी वर आलात तर माझ्या दांडीला दोन थेंब तेल द्या. फार नको, गळेल. आणि मोजणीत कुठे एकटे मत निघाले, तर कोणाकडे बोट दाखवून हसू नका. ज्याला हसाल, त्याचे ते नसेलही.