कित्ती वाळलीस गं!

आता तुम्हीच सांगा, लेकरू दिसलं की आपण काय म्हणतो? "कित्ती वाळलीस गं माय! खातीस का न्हाई?" तेच मी म्हणले. माझी नात शिवानी स्वीडनमधी ऱ्हाती. नवा झगा घालून मोबाइलसमोर बसली होती, मला दाखवायला. माझा लेक वीरेश, त्यानं माझं बोलणं जसंच्या तसं तिच्या भाषेत सांगितलं. शिकलेलं गाढव! पोरीचं तोंड एवढंसं झालं अन् उठून गेली.

त्यानंतर ती फोनवर येईचना. सूनबाई कारीन तिकडचीच. तिनं वीरेशला विचारलं म्हणे, "तुझ्या आईला पोर आवडत न्हाई का?" अगं बाई! जी आवडती तिलाच वाळलीस म्हणतेत. तोंडावर छान म्हणलं की दृष्ट लागती, एवढं कळू नये? पण तिकडं छानला छानच म्हणावं लागतं. नात माझ्याकडं उदगीरला एकदाच आली, ती रांगत होती तवा. माझ्या मांडीची तिला काय सय असणार? फोनवर दिसायचे तेवढीच मी तिची आजी. तेही तुटलं तर मी तिची कोण? ह्या इचारानं घास गिळंना.

मग वीरेशकडून एक वाक्य घेतलं. वा फीन दू एर. म्हंजे, किती छान हायस तू. त्यानं आवाज भरून पाठवला अन् मी दिवसभर घोकायले. तूर निवडताना तेच, भाकरी थापताना तेच. शेजारची मल्लम्मा म्हणली, "का गं महादेवी, स्वामीकडून नवा मंत्र घेतलीस का?" आमचे हे दुकानातून जेवायला आले की दारातूनच म्हणायचे, "आम्हालाबी म्हण की एकदा."

"गप जेवा," मी म्हणायची. तोंडावर कौतुक करायची सवयच न्हाई जिभेला, अन् त्यात ही परकी भाषा.

रविवारी वीरेशनं शिवानीला कसंबसं समोर बसवलं. पोरीची मान खालीच. देवाचं नाव घेतलं अन् म्हणले, "वा फीन दू एर." अन् लगेच मोबाइलवरून हात फिरवून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. दृष्टीला स्वीडिश येत असंल तर काय घ्या!

पोरीनं मान वर केली. खुदकन हसली. मग बापाकडं बघितलं अन् एकेक शब्द सांभाळत म्हणली, "आजी, कित्ती वाळलीस गं!"

"मी सांगितलं तिला, आजी माया असली की असं म्हणती," वीरेश म्हणला. "तवापासून घोकायली."

मी अन् वाळले! दारात उभी ऱ्हायले तर उजेड अडतो. पण माझी माय गेल्यापासून मला असं कुणी म्हणलंच नव्हतं. डोळ्याला पदर लावला तर पोर घाबरली, पुन्हा चुकलं की काय म्हणून बापाचा हात ओढायली.

"हाव गं माझी माय," मी म्हणले, "तुझ्यावाचून वाळले."

ह्या बारीला वीरेशनं तिला काही सांगितलं न्हाई. डोळे पुसले अन् तिला मोबाइलच्या आणखी जवळ घेतलं.